फियाटचा कौल

बॉनेटखाली वाकून मृत्युंजयला पाऊण तास झाला होता, तरी फियाट दाद देत नव्हती.

"कार्ब्युरेटरच!" शिवपुत्र आण्णा स्टेअरिंगमागून ओरडले. "गेल्या साली बी त्यानंच दगा दिलता."

"बघतो, आण्णा."

"बघ, पर घड्याळाकडं बी बघ. अकराच्या आत लागली तर कागलला जायाचं. न्हाय लागली, तर आज न्हाय आन् पुन्हा बी न्हाय."

बोळातल्या कुणालाही ही भाषा नवी नव्हती. लोक देवाला कौल लावतात. आण्णा आपल्या अठ्ठ्याहत्तर सालच्या फियाटला लावत. एखाद्या कामाला निघताना इंजिन लागले, की ते काम शुभ. अडले, तर त्या कामाचा विषय घरात पुन्हा निघत नसे. चंदगडच्या काजूच्या बागेचा ठरलेला सौदा त्यांनी असाच उंबऱ्यावरून मोडला होता. आज अकरापर्यंतची मुदत मिळाली होती, तीही त्यांच्या पत्नी अक्काताईंच्या हट्टापायी. नवे इरकल नेसून त्या केव्हाच्या मागच्या सीटवर बसल्या होत्या. मांडीवर पेढ्यांचा पुडा होता. कागलला कुणाची तरी वास्तुशांत असावी, असे मृत्युंजय धरून चालला होता. दुसऱ्याच्या घरातले विचारण्याची त्याची रीत नव्हती.

तो समोरच्या घरात राहत असे आणि शिरोलीच्या एका फाउंड्रीत नोकरी करीत असे. जुन्या इंजिनांशी त्याचे सहज जमे. माणसांशी बोलताना मात्र त्याचे शब्द ओठांपर्यंत येऊन परत फिरत. आण्णांच्या लेकीविषयीचे, दानेश्वरीविषयीचे एक वाक्य तर तीन वर्षे असे परत फिरत होते. आज सकाळी अक्काताईंनी बोळापलीकडून हाक मारली, तेव्हा हत्यारांची पिशवी उचलता उचलता त्यानेही मनात कौल लावला होता. गाडी आपल्या हातून लागली, तर आण्णांजवळ विषय काढायचा. आजच, इथेच.

त्याने एअर फिल्टर उतरवला आणि अ‍ॅक्सिलरेटरचा लिव्हर दाबला. कार्ब्युरेटरच्या घशात पेट्रोलची बारीक, स्वच्छ धार पडली.

"पेट्रोल येतंय, आण्णा. दोष हितं न्हाय."

"इतक्यात सोडलं व्हय?" चहाचा कप घेऊन आलेली दानेश्वरी म्हणाली. "सगळा खोलून साफ करा की."

"मग अकरा हितंच वाजत्यात."

"वाजू देत."

तो हसला. ती हसली नाही. ती अजून घरच्याच कपड्यांत होती.

त्याने कॉइलची जाड वायर इंजिनच्या लोखंडाजवळ धरली. आण्णांनी चावी फिरवली. इंजिन कण्हले, पण वायरीच्या टोकाशी काहीच चमकले नाही.

"ठिणगीच न्हाय."

"कॉइल जळाली असंल," दानेश्वरी घाईने म्हणाली. "आज ऐतवार. दुकान कुठलं उघडं असणार?"

"तू कवापास्नं मिस्त्री झालीस गं?" आण्णा खिडकीतून हसले. "जा, साडी नेस. मागं तुझी अव्वा तुझ्यापायी खोळंबलीया."

ती जागची हलली नाही.

मृत्युंजयने डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाच्या दोन्ही पट्ट्या सोडवल्या आणि झाकण उचलले. आत पॉइंटचे दोन चिमुकले ठिपके असतात. ते एकमेकांना टेकतात, सुटतात, आणि त्या सुटण्यातून ठिणगी जन्माला येते. आज ते टेकूच शकत नव्हते. दोघांच्या मध्ये कागदाची एक बारीक पट्टी होती, कात्रीने सरळ कापलेली.

बंद झाकणाखाली कागद आपल्या पायांनी येत नाही. त्याला दिवाळीतली सकाळ आठवली. तो हेच पॉइंट घासत होता आणि दानेश्वरी उजेडासाठी बॅटरी धरून उभी होती. "ही दोनी भेटलीच न्हायीत तर?" तिने विचारले होते. "मग सगळंच थांबतंय," तो म्हणाला होता.

त्याने मान वर केली. ती त्याच्याकडेच पाहत होती.

"ऱ्हाऊ दे की ती तिथंच," ती पुटपुटली.

मृत्युंजयच्या छातीत काहीतरी हळूच उजळले. बोळ ओलांडायला आपल्याला तीन वर्षे पुरली नव्हती. हिने एका चिटोऱ्याने आपल्याला इथवर आणले. अजून थोडा वेळ आपण इथे राहावे, एवढेच तिचे मागणे होते. इतके साधे, इतके मुके मागणे त्याच्याकडे कुणी कधी केले नव्हते.

"भिऊ नकोस," तो बॉनेटच्या आडून म्हणाला. "आज आण्णांशी बोलतो."

ती बॉनेटजवळ सरकली. "मग आत्ताच बोला. गाडी ऱ्हाऊ दे."

"आधी गाडी. मी तसा कौल लावलाय."

"मृत्युंजय, आधी बोला."

पण कौल तो कौल. जे शब्द एवढी वर्षे आले नव्हते, ते आता इंजिनच्या आवाजाबरोबरच येतील, अशी त्याची खात्री झाली होती. त्याने पट्टी चिमटीत धरून ओढली, पॉइंट पुसले आणि झाकण बसवले. अकराला सहा मिनिटे होती.

"मारा चावी, आण्णा!"

फियाट एकदा खोकली, थरथरली आणि लागली. तो भरदार, एकसारखा आवाज बोळभर पसरला. दानेश्वरी गाडीकडे पाठ फिरवून घरात गेली. साडी नेसायला गेली असेल, त्याला वाटले.

आण्णा उतरले आणि त्याच्या तेलकट हातांसकट त्यांनी त्याला मिठीत घेतले. "दिला की रं कौल गाडीनं! तुझ्या हाताला यश हाय, मर्दा!"

"आण्णा," मृत्युंजय म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच कापत नव्हता. "मला जरा बोलायचं हाय."

"वाटंत बोल की! स्टेअरिंगला तूच बस, मधीच बंद पडली तर बघणार कोण?" आण्णांनी त्याच्या हातात चावी कोंबली. "कौल मिळंपतूर तोंड उघडायचं न्हाय म्हणून बोळात कुणाला सांगितलं न्हवतं. कागलचं पावणं वाट बघत्यात. आज आपल्या दानेश्वरीची सुपारी फोडायची हाय."