चालींची नावं

अमेरिकन फुटबॉलचा हंगाम संपला, की दुसऱ्या दिवशी, सोमवारी, हरलेल्या कोचांना नारळ मिळतो. कोच वुकोविच खोकी भरत होते. वरच्या मजल्यावर मालकांनी टेरेलला बोलावलं होतं; तो क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानात चाली पुकारणारा मुख्य खेळाडू. ओहायोतल्या त्या टीममध्ये तो म्हणेल ती पूर्व दिशा.

टेरेल दारात आला. "खोकी ठेवा, कोच. मी मालकांना सांगितलंय, कोच गेले तर मीही जातो."

कोचांनी हातातलं खोकं खाली ठेवलं. "एवढा विश्वास?"

"विश्वास कसला? नवा कोच आला की सगळ्या चालींची नावं बदलतो. पुन्हा कोण घोकणार? तुमची आत्ता कुठे तोंडात बसलीत."

कोचांनी बायकोला फोन लावला. "नोकरी राहिली गं."

"कशी काय?"

"पोराला पाठांतराचा कंटाळा आहे."