छतापर्यंत

समोरच्या रोक्कावेर्देंच्या हवेलीवरचे काळ्या-पांढऱ्या संगमरवराचे पट्टे पाहिले की आल्दाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"आपल्या भिंतीला कधी?"

"जिनोआत हा मान मागून मिळत नाही गं," नवरा म्हणायचा. "दर्यावर मर्दुमकी गाजवावी लागते."

"मग गाजवा की! हात कुणी धरलेत तुमचे?"

पिसाच्या आरमाराशी लढताना तो बुडाला. नगरसभेनं घराण्याला मान दिला. पाथरवटाचं काम पाहायला काळ्या कपड्यांतली आल्दा खाली उतरली आणि फणकारली, "आमचे पट्टे पहिल्या मजल्यापर्यंतच? त्यांचे तर छताला भिडलेत!"

पाथरवट चाचरला. "बाईसाहेब, त्यांची दोन मुलंही गेली ना लढाईत."

आल्दानं समोरच्या भिंतीकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग तरण्या मुलाला हाक मारली, "लांफ्रांको, गलबतं परत कधी सुटणार आहेत रे?"