तळ्यात मासे भरपूर

जाळ्यात आलेल्या प्रत्येक माशाच्या शेपटीचा कोपरा कापलेला होता.

"साहेब, हे तर सगळे ओळखीचेच निघाले," नावाडी म्हणाला.

मत्स्यतज्ज्ञाने मान हलवली. मागच्या पंधरवड्यात त्यानेच हे मासे धरून, कात्रीने शेपटीला खूण करून परत सोडले होते. पद्धत साधी होती. दुसऱ्यांदा जाळं टाकल्यावर बिनखुणेचे जास्त आले, तर तळ्यात मासे उदंड. खुणेचेच परत आले, तर त्यांच्याखेरीज तळ्यात फारसं कोणी नाही. व्याख्यानमालेसारखंच. रोज जिकडे पाहावं तिकडे तीच डोकी.

"गेल्या वर्षी जाळं ओढताना कंबर धरली होती माझी. यंदा एका हातानं उचललं. रोगबिग पडला का?"

"रोग पडला असता तर मेलेले काठाला लागले असते. एकही नाही."

"मग गेले कुठं?"

याचं उत्तर तज्ज्ञाकडे नव्हतं. खरं सांगायचं तर त्याला उत्तराची घाईही नव्हती. तळं रिकामं ठरलं की गळाची मासेमारी बंद होणार, काठावरचं त्याचं एका खोलीचं केंद्र बंद होणार आणि त्याची बदली मुख्यालयात होणार. तिथे राहायला क्वार्टर मिळत होतं. छोटंसंच, पण दाराला आतून कडी असलेलं.

कडीचं महत्त्व घरजावयालाच कळतं. लग्न झाल्यापासून तो सासऱ्यांच्या घरात, वरच्या खोलीत राहत होता. खोलीला दार होतं, दाराला कडी नव्हती. सासरे जिन्याखालून विचारायचे, "जावईबापू, जागे आहात?" आणि हा दचकून उठून म्हणायचा, "जागाच आहे, बाबा." बातम्या त्यांच्या आवडीच्या, पंख्याचा वेग त्यांच्या गुडघ्यांना सोसेल तेवढा, चहा त्यांच्या मधुमेहाच्या मापाचा. गावात भाड्याने घर घ्यावं, तर सगळे विचारणार, भांडलात का? आणि भांडावं तर माणूस सोन्यासारखा. वाईट सासऱ्याशी दोन हात करता येतात. चांगल्या सासऱ्यापुढे इलाज चालत नाही.

त्यात सासरे गळवाल्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. तळं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पहाटे सगळ्यांच्या आधी तिथे हजर. परत यायचे ते चिखलाने माखून, दमून, पण चेहऱ्यावर समाधान. धरलेला मासा पाण्यात सोडायचा असा मंडळाचा नियमच होता, त्यामुळे अध्यक्ष मासे न घेता आले याचं कोणाला काही वाटत नसे.

त्या संध्याकाळी सासऱ्यांनी विषय काढलाच.

"काय म्हणतंय तळं?"

"अजून हिशेब चाललाय, बाबा."

"आमच्याकडे बघून आकडे फुगवू नका हं. मासे नसतील तर नसतील. मन घट्ट केलंय मी." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मुख्यालयही काही वाईट नाही म्हणतात. क्वार्टर वगैरे असतं ना?"

"असतं."

"हवेशीर?"

"असावं."

सासऱ्यांनी नुसता सुस्कारा सोडला. तज्ज्ञाला गलबलून आलं. ज्याचं तळं जाणार, लेक दूर जाणार, तोच उलट आपली समजूत घालत होता.

वर खोलीत पत्नी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"बाबांना झोप नाही हल्ली," ती म्हणाली. "सारखं विचारतात, निकाल कधी, निकाल कधी."

"तू काय सांगितलंस?"

"मी काय सांगणार? तुम्ही आपलं खरं तेच कळवा." मग खिडकीबाहेर बघत ती हळूच म्हणाली, "काय व्हायचं ते होईल."

बाप तशी लेक, त्याला वाटलं. दोघंही डोळ्यांतलं पाणी डोळ्यांत जिरवणारी.

दुसऱ्या दिवशी केंद्रात मुख्यालयाचा फोन आला.

"लेखी मागाहून पाठवा हो," वरिष्ठ म्हणाले. "बैठकीला बसतोय. एका शब्दात सांगा, मासे आहेत की नाहीत?"

एका शब्दावर सुटका होती. तज्ज्ञाने तोंड उघडलं आणि नेमकी नजर खिडकीबाहेर गेली. सासरे काठावर बसले होते. पाठ वाकलेली, टोपी मांडीवर. आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे ते पाण्याकडे बघत होते.

"आहेत," तज्ज्ञ म्हणाला. "भरपूर."

फोन ठेवल्यावर त्याने स्वतःची समजूत घातली. खोटं उघडं पडायची भीती नव्हती. मासा लागला नाही म्हणून गळवाले तळ्याला कधी दोष देत नाहीत. आमिषाला देतात, वाऱ्याला देतात, फार तर शेजारी बसलेल्याला देतात. कडीचं काय, लोक तुरुंगातही आयुष्य काढतात, आणि तिथे तर ती बाहेरून असते.

दुपारी मुख्यालयाचा निर्णय कळला. जेवताना त्याने तो जाहीर केला.

"बाबा, आनंदाची बातमी! केंद्र आणखी पाच वर्षं इथंच. आम्ही कुठं जात नाही."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. पत्नीने उचललेला तांब्या खाली ठेवला.

"पण मासे मोजलेत ना तुम्ही?" सासऱ्यांनी विचारलं.

"मोजले की. तळं भरलंय नुसतं."

"आणि कळवलंतही?"

"कळवलं, मंजूरही झालं. आता ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही."

सासऱ्यांनी घास ताटात ठेवला आणि जावयाकडे न बघता ते लेकीला म्हणाले, "तुला म्हणत होतो ना, यांना सरळ सांगू, वेगळं घर करा म्हणून. 'नको बाबा, वाईट वाटेल त्यांना, त्यापेक्षा तळं रिकामं करा, आपोआप बदली होईल' म्हणालीस. आणि मी मूर्खासारखा वर्षभर पहाटे उठून बादल्या बादल्या मासे नदीत सोडत बसलो!"