तलावावरचा वारा

खोटं बोलण्यात दातांच्या डॉक्टरांचा फायदा एवढाच होता, की जिवलग मित्राचा रविवारचा फोन चालू राहायचा. फोनवर दोघं वर्षानुवर्षं एकच बेत आखत: तलावाकाठच्या त्या नामांकित मैदानावर एकदा गोल्फ खेळायचं. आता डॉक्टरांचा खांदाच साथ देत नव्हता. पण तसं सांगितलं, की बेत मोडला आणि फोनही.

शेवटी गुपचूप ते आपल्या स्टिक्स विकायला दोघांच्या ओळखीच्या खेळाच्या दुकानात गेले.

"तुमच्या मित्रांनीही परवाच विकल्या. गुडघे गेले म्हणाले. तुम्हाला सांगू नका म्हणाले होते," असं बोलून दुकानदाराने जीभ चावली.

रविवारी मित्राने विचारलं, "काय रे दातपाड्या, सराव चाललाय ना?"

"जोरात. तुझा?"

"विचारू नकोस. हात नुसते शिवशिवतायत."

डॉक्टरांनी डोळे मिटले. "मग वाट कसली बघतोस? पोचलो समज. समोर तलाव आहे. मार पहिला बॉल."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मारला," मित्र म्हणाला. "लांब गेला, बघ."

अठरा होल संपेपर्यंत फोन तापला. डॉक्टर दोन शॉटने हरले आणि जेवणाचा भुर्दंड त्यांच्यावरच पडला. म्हणाले, तलावावर वारा फार होता.