घरात एक

शहाडच्या फ्लॅटच्या दाराला धनेशने दोन सेन्सर लावले आणि छोट्या कॉम्प्युटर बोर्डाला जोडले. आत-बाहेर करणारी माणसं मोजायची आणि घर रिकामं झालं की पंखा बंद करायचा, एवढंच त्या बोर्डाचं काम.

पण नवरा-बायको दोघं बाहेर पडली, तरी मोबाइलवर ‘घरात एक’ दिसे. वायरी बदलून झाल्या, सेन्सर बदलून झाले. शेवटी त्याला बायकोचाच संशय आला.

“कल्पिता, आकडा तूच बदलतेस ना?”

“मला दुसरे उद्योग नाहीत का?” म्हणत ती तणतणत लिफ्टकडे गेली.

उंबरठ्याबाहेर उभं राहून, दार ओढण्याआधी धनेश या वेळी रिकाम्या घरात बघत सहज म्हणाला, “चला!”

हॉलमधला पंखा मंदावत थांबला. मोबाइलवरचं ‘एक’ जाऊन शून्य आलं.

लिफ्टमध्ये उभी असलेली कल्पिता, कुणाला तरी जागा द्यावी तशी, कोपऱ्यात सरकली.