अक्कम्माच्या हाताचा गुण

"एवढंसं डबडं कंबरेला बांधून काय व्हतंय?" अक्कम्मानं डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं.

तिच्या नवऱ्याच्या, नागप्पाच्या पाठीत मणक्याजवळ दोन बारीक तारा सरकवल्या होत्या. त्यांची डबी बाहेर, पट्ट्याला. तिच्यातून मंद वीज गेली की शुगरनं खराब झालेल्या पायांच्या नसांची आग कमी जाणवते, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. आठवडाभर बघायचं. दुखणं निम्म्यानं उतरलं तर यंत्र कायमचं कातडीखाली बसवायचं, नाहीतर तारा काढून घरी.

"आजवर माझ्या हातानंच उतार पडलाय की," अक्कम्मा म्हणाली.

नागप्पा खिडकीबाहेर बघत राहिला.

तिच्या हाताचा गुण साऱ्या कुंभारी गावाला ठाऊक होता. सहा वर्षं रोज दिवेलागणीला ती करडईचं तेल कोमट करून नवऱ्याच्या पायथ्याशी बसे. पायांवर पातळ चादरसुद्धा न सोसणारा हा माणूस तिच्या हाती मात्र निमूट पाय देई. डोळे मिटून, खाटेची कड घट्ट धरून. कधी त्याच्या डोळ्यांतून पाणी येई. किती बरं वाटतंय बिचाऱ्याला, म्हणून ती आणखी जोर लावी. "पुरे आता," असं तो एकदाही म्हणाला नव्हता.

दाबता दाबता ती बोले. एकुलती लेक पूनम तापानं गेली, तेव्हापासून दिवसभर तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. पण हात तेलात बुडाला की शेजारणीची म्हैस, चक्कीवरचं भांडण, पूनमच्या लहानपणच्या खोड्या, सगळं बाहेर पडे.

आता डबीनंच काम भागलं तर आपण कुठं बसायचं? अक्कम्माला भीती वाटली आणि त्या भीतीची लाजही वाटली.

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी ती तेलाची वाटी घेऊन दाराशी घुटमळली.

"आता कशाला लागतोय माझा हात?"

"ये की." नागप्पानं पाय पुढं केले. "चक्कीवर काय झालं, ते सांग."

ती बसली. पाच मिनिटांत तो घोरायला लागला. इतक्या वर्षांत तिच्या हाताखाली तो कधी झोपला नव्हता. डबीचीच करणी, ती पुटपुटली. आठवडाभर तिनं त्या डबीकडे सवतीकडे बघावं तसं बघितलं.

आठव्या दिवशी नागप्पाला तारा काढायला आत नेलं.

"निम्म्याहून जास्त उतरलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कायमचं बसवू या. एवढी फाइल खिडकीवर द्या."

अक्कम्मानं हात जोडले. सुटला एकदाचा माझा माणूस, असं वाटून तिचा ऊर भरून आला. आपलं काय ते बघू पुढं.

खिडकीवर रांग होती. ती बाकावर टेकली आणि तिनं फाइल उघडली. वरच पहिल्या दिवशीचा कागद होता, नागप्पानं स्वतःच्या गिचमिड अक्षरात भरलेला. आपल्या हाताबद्दल यानं काही लिहिलंय का, म्हणून ती बोट फिरवत वाचू लागली.

लिहिलं होतं.

'वेदना सर्वांत जास्त कधी होते?'

'संध्याकाळी बायको पाय दाबते तेव्हा.'

'ते टाळता येईल का?'

'नाही. तेवढाच वेळ ती बोलते.'