घागरीतला पाव्हणा

नेकनूरच्या राधाकिशननी तरुणपणी रेडिओवरच्या नाटकात परग्रहावरून आलेल्या पाव्हण्याचं काम केलं होतं. रिकाम्या घागरीत तोंड घालून बोलले, की आवाज माणसाचा वाटायचाच नाही. गावकरी काठ्या घेऊन धावतात तेव्हा पाव्हणा म्हणतो, "भिऊ नका, मी तुमचाच हाय." या वाक्याला गाव पोट धरून हसायचं. आज घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गमावून ते घरी परतले. केसरबाईंनी दारातच नवऱ्यावरून भाकरतुकडा ओवाळला. नात आरोही पाण्याचा तांब्या घेऊन पळत आली. "आबा, मला हाक मारा की!" आबांनी दवाखान्यातून मिळालेलं बोलायचं नवं यंत्र गळ्याला लावलं. घागरीतला तोच आवाज निघाला, "आरोही." तिच्या हातून तांब्या पडला. किंचाळत ती आजीच्या पदराआड शिरली. नाटकातलं वाक्य आबांच्या ओठांवर आलं. पण त्यांनी यंत्र खिशात टाकलं, रिकामा तांब्या उचलला आणि पाणी आणायची खूण करत तिच्यापुढे धरला.